लहान कौटुंबिक न्यासाकडून मदत मिळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे येणाऱ्या फोनमध्ये आणि पत्रांत तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. फोनवर घाईत अर्धीच उत्तरं दिली जातात, म्हणून ती इथे सावकाश लिहून काढली आहेत. पान वरपासून खालपर्यंत वाचायलाच हवं असं नाही. जिथे एक उत्तर दुसऱ्याला जोडलेलं आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा न्यास कोणाचा, आणि वाटायला पैसे कुठून येतात?

आमच्या आईच्या नावाने काढलेला. तिने सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत केली. तिच्या माघारी राहतं घर विकलं, आणि आलेल्या रकमेतला मोठा भाग आम्ही भावंडांनी कायम निधी म्हणून बाजूला काढला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी केली. मुद्दलाला हात लावत नाही, ठेवींवर जे व्याज येतं तेच वाटतो. धर्मादाय न्यासाचा पैसा आयकर कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणीच ठेवावा लागतो. कंपन्यांचे शेअर घेऊन तो वाढवायची मुभा आम्हाला नाही. त्यामुळे बँकांचे व्याजदर उतरले की आमची वाटायची रक्कमही उतरते. एखाद्या वर्षी चांगल्या अर्जालाही नाही म्हणावं लागतं ते बहुतेक वेळा याच कारणाने.

विश्वस्त पाच. चार घरातले, एक बाहेरच्या. पगारी माणूस एकही नाही.

२. कोणत्या कामांना मदत करता?

पाणी, माती, गवताळ माळ, देवराया, कचरा ही एक बाजू. ऊसतोड कामगारांची मुलं, एकल महिला, कचरावेचक, वाड्यावस्त्यांवरचं आरोग्य ही दुसरी. भूगोल लहान ठेवला आहे: सातारा, सांगली, सोलापूर, बीड आणि पुणे जिल्ह्याचा पश्चिम पट्टा. एसटीने जाऊन कामाच्या ठिकाणी दिवसभर बसता येईल इतपतच अंतर आम्हाला झेपतं, आणि न बघता पैसे द्यायचे नाहीत हे पहिल्या वर्षीच्या चुकीनंतर (प्रश्न १०) ठरलं. या जिल्ह्यांबाहेरच्या संस्थांनी अर्ज करून वेळ घालवू नये, ही कळकळीची विनंती.

३. एका संस्थेला किती पैसे देता, आणि किती वर्षं?

वर्षाला ५० हजारांपासून ३ लाखांपर्यंत. साधारण तीन वर्षं, दर वर्षी एक भेट घेऊन पुढचा हप्ता. तीन वर्षांनंतर एक वर्ष खंड, मग पुन्हा अर्ज करता येतो.

४. पगार, भाडं, गाडीचं डिझेल, ऑडिटची फी... यासाठी खरंच पैसे देता?

हो. सगळ्यात आधी यासाठीच.

एका संस्थेच्या अर्जात ‘कार्यशाळा व प्रशिक्षण’ या नावाखाली मोठी रक्कम होती. भेटीत आम्ही विचारलं, कसल्या कार्यशाळा? हिशेब बघणाऱ्या ताई खाली बघत म्हणाल्या, “काका, ते माझं मानधन आहे. पगार म्हणून लिहिलं की अर्ज परत येतो.” वीस वर्षं त्या संस्थेच्या वह्या त्या एकट्या सांभाळत होत्या. पावत्यांचे गठ्ठे महिन्यावार सुतळीने बांधलेले, प्रत्येकावर पुठ्ठ्याची चिठ्ठी. इतकं चोख काम करणाऱ्या बाईला स्वतःची मेहनत दुसऱ्या नावाखाली दडवावी लागते, याचं आम्हाला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून आमच्या अर्जात पहिला रकानाच ‘माणसांचं मानधन’ असा केला.

मोठ्या देणगीदाराला इमारत, यंत्र, उद्घाटनाची पाटी दिसते. आमच्यासारख्या लहान न्यासाने तिथे भर घालून उपयोग काय? पाचव्या महिन्यात कार्यकर्त्याच्या घरी किराणा भरला गेला नाही तर तो कारखान्यात लागतो, आणि गावात उभं केलेलं पाणलोटाचं काम बघायला कोणी उरत नाही. महाराष्ट्राला हे कळून बराच काळ झाला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव यांनी पुढाकार घेऊन सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, त्यासाठी नाटकाचे प्रयोग केले, आणि त्या निधीतून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन दिलं. आमची ऐपत त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण वाट तीच धरली आहे.

तेव्हा अर्जात पगार पगार म्हणूनच लिहा. भविष्य निर्वाह निधी भरत असाल तर तोही धरा.

५. अर्ज कसा करायचा? इंग्रजीतच लागतो का?

मराठीत करा. चार पानं पुरे. काय करता, कोणासोबत करता, पुढच्या वर्षी काय करायचं आहे, किती पैसे लागतील, त्यातले कुठून मिळाले आहेत. हाताने लिहिलेला कागद फोनवर फोटो काढून पाठवला तरी चालतो. पैसे देऊन कोणाकडून अर्ज लिहून घेऊ नका. तयार साच्यातले अर्ज ओळखू येतात, आणि त्यात तुमचं गाव कुठेच दिसत नाही.

अर्ज १ जून ते ३१ जुलै या काळात घेतो.

६. कोणती कागदपत्रं जोडायची?

धर्मादाय कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा (तिथल्या नोंदवहीतल्या तुमच्या न्यासाच्या नोंदीचा) अलीकडचा उतारा, संस्थेची घटना किंवा विश्वस्तपत्र, पॅन, आयकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) नोंदणीचे आदेश, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. या पानावर मात्र सगळ्यांच्या तोंडी बसलेली जुनीच नावं ठेवली आहेत.

आयकराची नोंदणी आता कायमची मिळत नाही, मुदतीनंतर नूतनीकरण करावं लागतं. चांगल्या चालणाऱ्या संस्थाही इथे अडकतात, कारण मुदत संपल्याचं कोणाच्या ध्यानातच राहत नाही. आदेशावरची शेवटची तारीख आजच काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

७. आमची नोंदणीच नाही. गावातली पोरं आहोत किंवा महिलांचा बचत गट आहे. आम्हाला काहीच मिळणार नाही का?

मिळू शकतं, फक्त वेगळ्या रीतीने. नोंदणी नसलेल्या गटाच्या हातात रोख किंवा धनादेश आम्ही देत नाही. पण धर्मादाय हेतूचा खर्च न्यास स्वतःही करू शकतो. तलावाचा गाळ काढायचा असेल तर पोकलेनच्या डिझेलचं बिल आम्ही थेट पंपाला देतो. बचत गटाला गवताचं बियाणं हवं असेल तर विक्रेत्याच्या पावतीवर पैसे जातात. बिल न्यासाच्या नावाचं हवं, काम कुठे झालं याचा ग्रामपंचायतीचा दाखला हवा, एवढंच.

गाळाच्या बाबतीत आधी तालुक्याला जाऊन ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेची चौकशी करा. २०१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून लोकसहभागाला त्यात जागा आहे. सरकारी पैसा मिळत असेल तिथे आमचा खर्च करू नका. आणखी एक गोष्ट अनुभवाची आहे: गाळ कोणाच्या शेतात जाणार हे ग्रामसभेत आधी ठरवून घ्या. लहान शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर नसतो, त्यामुळे सुपीक गाळ ज्यांच्याकडे आधीच भरपूर आहे त्यांच्याच वावरात जाऊन पडतो. वाहतुकीचे पैसे आम्ही फक्त अल्पभूधारक आणि एकल महिलांच्या शेतासाठी देतो.

८. निर्णय कोण घेतं, किती दिवस लागतात, आणि नाही म्हटलं तर कारण कळतं का?

ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये भेटी, ऑक्टोबरमध्ये विश्वस्तांची सभा, दिवाळीआधी उत्तर. प्रत्येकाला लेखी उत्तर जातं आणि नकार असेल तर कारणही लिहिलेलं असतं. ‘पैसे संपले’ हेच खरं कारण असेल तर तेच लिहितो, अर्जात उगाच खोट काढत नाही.

९. भेटीला येता तेव्हा काय बघता? आम्ही काय तयारी ठेवायची?

तयारी करू नका. नारळ, शाल, मुलांची रांग, काही नको. जेवण तुमच्यातलंच.

काय बघतो हे एका उदाहरणाने सांगतो. एका गावी शाळेच्या व्हरांड्यात खिळ्याला एक वही टांगलेली होती. दर अमावस्येला सातवीतली दोन मुलं सात विहिरींवर जायची आणि दोरी सोडून पाणी मोजायची. दोरीला दर हातावर एक गाठ, टोकाला दगड. दगड पाण्याला लागला की वरच्या मुलाने गाठी मोजायच्या, दुसऱ्याने वहीत लिहायचं. आम्ही पानं उलटत गेलो. मे महिन्यात तीन विहिरींपुढे ‘कोरडी’ असं लिहिलेलं होतं. संस्थेला आम्हाला खूश करायचं असतं तर ते पान सहज दाखवलं नसतं. उलट त्यांनीच त्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, “वरच्या अंगाला नवीन बोअर पडल्यात, बंधाऱ्याचं पाणी तिकडं खेचलं जातंय.” मग तासभर बोलणं झालं ते बोअरवर आणि पीक कोणतं घ्यायचं यावर. दुसऱ्या वर्षीची मदत आम्ही त्या वहीवर ठरवली.

आम्हाला अशी वही दाखवा. ती कशाचीही असू द्या: हजेरीची, वजनाची, रोपांची.

१०. वृक्षारोपणाला पैसे का देत नाही? तुम्ही तर पर्यावरणाचं काम म्हणता.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर आम्ही स्वतः चूक करून शिकलो.

पहिल्याच वर्षी माण तालुक्यातल्या एका माळावर झाडं लावायला मदत केली. यंत्राने खड्डे, टँकरने पाणी, शाळेच्या मुलांची फेरी. पुढच्या मार्चमध्ये गेलो तर खड्ड्यांत वाळलेल्या काड्या उभ्या होत्या. जवळच एक मेंढपाळ आजोबा बसले होते. ते म्हणाले, “हितं झाड कंदीच नव्हतं. गवात हुतं. तुमी खड्डं काडलं तितलं गवात बी ग्येलं.” त्यांनी हाताने दाखवलं: खड्ड्यांच्या रांगा सोडून बाजूला पवन्या आणि मारवेल गुडघाभर, आणि खड्ड्याभोवती उघडा मुरूम. त्यांची मेंढरं त्याच गवतावर जगत होती. पैसे आम्ही दिले होते, जागा आम्ही बघितली नव्हती. दोष सर्वस्वी आमचा.

कमी पावसाच्या पट्ट्यातला माळ सरकारी कागदावर ‘पडीक’ असतो, प्रत्यक्षात तो स्वतंत्र अधिवास आहे. लांडगा, खोकड, चंडोल, धाविक तिथेच राहतात. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं ते दाट जंगलासाठी नव्हे, उघड्या गवताळ माळासाठी. तिथे झाडं दाटीने लावली की त्या पाखरांची जागा जाते आणि धनगराची कुरणंही जातात.

म्हणून आता गवतासाठी पैसे देतो: गावाने ठरवलेली पाळीपाळीची चराई, पवन्या–मारवेलसारख्या स्थानिक गवताचं बी, वणवा रोखायला जाळरेषा. जिथे मुळात झाडी होती तिथे, म्हणजे ओढ्याकाठी किंवा घाटमाथ्याच्या उतारावर, गावरान रोपवाटिकेला मदत होते. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन अशी. मोजतो ती लावलेली रोपं नव्हेत, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली.

११. पर्यावरण आणि सामाजिक काम, दोन्ही एकाच न्यासाने कशाला करायचं? एकावर लक्ष द्या ना.

कागदावर ते दोन रकाने आहेत, माणसाच्या आयुष्यात नाहीत.

बीडकडची टोळी दसरा–दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघते. नवरा–बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, हिशेब त्या जोडीवर चालतो. मुलं बरोबर गेली की शाळा सुटते, मागे ठेवली तर म्हाताऱ्या आजीवर भार. हे स्थलांतर होतं कारण घरची कोरडवाहू जमीन वर्षभर पोसत नाही. मग गावात पाणी अडवणं हे पर्यावरणाचं काम आणि त्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणं हे सामाजिक काम, अशी फाळणी कशी करणार? वसतिगृह यंदाचं वर्ष वाचवतं, बंधारा पुढची दहा.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हक्कासाठी, सन्मानासाठी. त्या बायका रोज जे वेचून भंगारात घालतात तेवढं डेपोवर जायचं वाचतं. त्यांचे हातमोजे, ओळखपत्र, आरोग्य तपासणी यांवर खर्च केलेला रुपया दोन्ही वह्यांत लिहावा लागेल.

१२. हिशेब कसा द्यायचा? मंजूर एका कामासाठी आणि खर्च दुसऱ्यावर झाला तर?

वर्षाअखेर दोन पानी वृत्तांत, तुमच्या सीएचं विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचं), आणि ताळेबंद. मूळ पावत्या तुमच्याकडेच ठेवा, भेटीत चाळतो. रकान्यांत थोडाफार फेरफार न विचारता करा. कामच बदलणार असेल तर आधी फोन करा. पूर आला म्हणून एका संस्थेने प्रशिक्षणाचे पैसे धान्यावर खर्च केले आणि दुसऱ्या दिवशी कळवलं. आम्ही त्याच संध्याकाळी मान्यता लिहून दिली. न सांगता केलेला बदल ऑडिटमध्ये सापडला तर पुढचा हप्ता थांबतो. बदलाला आमची ना नसते, लपवण्याला असते.

उरलेली रक्कम परत मागत नाही, पुढच्या वर्षात ओढा आणि तसं लिहा.

१३. तुमच्या न्यासाला आम्ही देणगी देऊ शकतो का? ८०जीची पावती मिळेल?

आम्ही बाहेरून देणगी घेत नाही. ज्या संस्थेचं काम आवडलं तिलाच थेट द्या. तिच्याकडे ८०जी नोंदणी असेल तर तुम्हाला वजावट मिळते, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. २ हजार रुपयांच्या वरची रोख देणगी वजावटीला धरत नाहीत. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाहीच. आणि संस्थेने आयकर खात्याला देणगीदारांचं विवरण भरून तुम्हाला १०बीई प्रमाणपत्र द्यायला हवं, नुसती पावती पुरत नाही. कपडे, धान्य, जुना संगणक दिला तर संस्थेला उपयोग होईल, करात सूट मिळणार नाही.

१४. आमचे नातेवाईक परदेशात आहेत. त्यांनी पाठवलेले पैसे तुमच्यामार्फत संस्थेला देता येतील?

नाही. विदेशी अंशदान नियमन कायद्यात (एफसीआरए) २०२० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका संस्थेने घेतलेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. अशी मधली कडी कायद्यानेच काढून टाकली आहे.

इथे बऱ्याच मराठी कुटुंबांचा गोंधळ होतो, म्हणून सविस्तर. तुमची मुलगी न्यू जर्सीत राहते पण पासपोर्ट भारतीय आहे, तर तिने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. संस्थेला ती साध्या खात्यात घेता येते, फक्त पासपोर्टची प्रत नोंदीला ठेवावी. तीच मुलगी उद्या अमेरिकन नागरिक झाली, हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, तिची देणगी विदेशी ठरते. मग संस्थेची एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या संस्थेच्या एफसीआरए खात्यातच यायला हवेत. ‘माणूस तर आपलाच’ म्हणून साध्या खात्यात घेतलेल्या पैशाने संस्था अडचणीत येते. देणगी घेण्याआधी नागरिकत्व विचारायला लाजू नका.

१५. आम्हाला कंपनीचा सीएसआर निधी (कंपनीने समाजकार्यासाठी द्यायचा पैसा) मिळतो. तरी अर्ज करू शकतो?

करा. कंपनीच्या पैशातून जे भागत नाही ते मागा. सीएसआर घ्यायला संस्थेची सीएसआर–१ नोंदणी लागते, ती १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. आमच्या मदतीसाठी ती लागत नाही. एकच खर्च दोघांना दाखवू नका.

१६. संस्थेच्या कायम निधीत भर म्हणून देणगी द्याल का?

इच्छा असूनही नाही. आमच्या न्यासाने वर्षाच्या उत्पन्नातला किमान ८५ टक्के हिस्सा धर्मादाय कामावर वापरला, तर करसवलत पूर्ण मिळते. दुसऱ्या संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम या ‘वापरात’ मोजलीच जात नाही. चालू कामाला दिलेली मोजली जाते, पण २०२३ च्या अर्थसंकल्पाने तिथेही अट घातली: आम्ही १ लाख दिले की ८५ हजारच धरायचे. म्हणजे लहान न्यास, जे स्वतः प्रकल्प न चालवता दुसऱ्यांच्या कामाला हातभार लावतात, त्यांनाच ही झळ बसते. आम्हाला हा नियम अन्यायाचा वाटतो. त्यातून वाट काढायला थोडा खर्च आम्ही स्वतःच्या नावाने थेट करतो, तो कसा ते प्रश्न ७ मध्ये आहे.

१७. घरात मोठं आजारपण आहे. मुलाच्या फीचा प्रश्न आहे. वैयक्तिक मदत कराल?

पाच जणांना खरं–खोटं पडताळणं जमत नाही, म्हणून व्यक्तींना मदत करत नाही. हे उत्तर देताना दर वेळी जड जातं. पण इस्पितळाच्या बाबतीत एक गोष्ट जरूर सांगतो. धर्मादाय न्यासांची मोठी रुग्णालयं प्रश्न १ मधल्या १९५० च्या अधिनियमातल्या कलम ४१एए खाली येतात. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का, हेही तिथेच विचारा.

१८. तुमचे एक विश्वस्त आमच्या ओळखीचे आहेत. त्याचा फायदा होईल का?

नाही. ओळख असलेले विश्वस्त त्या अर्जाच्या चर्चेत बसत नाहीत आणि इतिवृत्तात तसं लिहिलं जातं. विश्वस्ताचा जवळचा नातेवाईक ज्या संस्थेत पगार घेतो तिचा अर्जच घेत नाही. न्यासाचा पैसा फिरून घरात आला तर करसवलत जाते, आणि आईचं नाव जाईल ते वेगळंच.

१९. खाणीविरुद्ध गावाचा लढा चालू आहे. अशा कामाला पैसे देता?

पक्षाला, निवडणुकीला, उमेदवाराच्या कामाला कधीच नाही. मोर्चाच्या गाड्यांनाही नाही. पण गावाने कायद्याने मिळालेले हक्क वापरावेत म्हणून लागणाऱ्या कामाला जरूर देतो. वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक दाव्याचे नकाशे, पुरावे, जुन्या नोंदींच्या नकला. जैवविविधता कायदा, २००२ खाली लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं–प्राण्यांची नोंद. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे वर्षानुवर्षांचे अभ्यासगट आणि ग्रामसभा होत्या. असल्या संथ, कागदी कामाला पैसे देणारे फार थोडे असतात. चहा, झेरॉक्स, एसटीची तिकिटं आणि एक चिकाटीचा कार्यकर्ता, एवढाच खर्च असतो.

२०. आमचा चेंज रिपोर्ट (बदल अर्ज) धर्मादाय कार्यालयात प्रलंबित आहे. अर्ज अडेल का?

नुसता प्रलंबित असेल तर नाही. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल व्हायला हवा. तो केल्याची पोच जोडा. निकाल कधी लागेल हे तुमच्या हातात नसतं, त्याची शिक्षा तुम्हाला नको. विश्वस्तांचे दोन गट होऊन वाद चालू असेल तर मात्र थांबतो, कारण धनादेशावर कोणाची सही ग्राह्य हेच ठरलेलं नसतं.

२१. आमच्या कुटुंबालाही असा न्यास काढायचा आहे. काय सल्ला द्याल?

आधी दोन वर्षं न्यास न काढता नुसते पैसे द्या, घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी कामाच्या जागी जाऊन. कोणाला किती आच आहे ते तेव्हाच कळतं. वर्षाला लाख–दोन लाखच द्यायचे असतील तर न्यास काढूच नका. ऑडिट, विवरणपत्रं, नूतनीकरण यांत वेळ आणि पैसा जातो, तो संस्थेला मिळू द्या.

काढायचाच असेल तर सार्वजनिक न्यास आणि १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाखालचा खासगी न्यास यांतला फरक वकिलाकडून नीट समजून घ्या. खासगी न्यास ठरावीक माणसांच्या भल्यासाठी असतो. सार्वजनिक न्यासात घातलेली मालमत्ता समाजाची झाली, ती परत घेता येत नाही. स्थावर विकायची तरी १९५० च्या अधिनियमातल्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. त्यामुळे शेत, घर तसंच न्यासाला देण्याआधी विचार करा. शेतजमिनीला कुळकायद्याच्याही अटी आहेत. आणि विश्वस्तांत घराबाहेरची एक व्यक्ती घ्या, जी तुमच्या तोंडावर नाही म्हणू शकेल. आमच्याकडे त्या बाई आहेत म्हणून दोन भलत्या अर्जांपासून आम्ही वाचलो.

२२. काम फसलं, अर्धवट राहिलं, तर पैसे परत मागाल का?

प्रामाणिकपणे फसलं तर नाही. काय झालं ते लिहून द्या. प्रश्न १० मधला आमचा माळ आठवा.

२३. देवराईच्या कामासाठी अर्ज करायचा आहे, पण त्यात मंदिराचा जीर्णोद्धारही आहे. चालेल?

देवराईला हो, मंदिराच्या बांधकामाला नाही. आमच्या न्यासाच्या उद्देशांत धार्मिक बांधकाम बसत नाही.

पण हा प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. देवराई टिकली ती देवामुळे. वाघजाई, काळकाई, सोमजाई यांच्या धाकाने पिढ्यान्‌पिढ्या कोणी तिथली वाळकी फांदीही घरी नेली नाही. आता मुंबई–पुण्यात कमावणारी मुलं भक्तीनेच पैसे पाठवतात, आणि त्या पैशातून सिमेंटचा सभामंडप, फरशी, गाडी आत जाईल असा रस्ता होतो. त्यासाठी पहिली जातात ती सगळ्यात जुनी झाडं. भक्ती खरी असते आणि राईही जाते. आम्ही अशा गावांना सांगतो: मंडप करायचाच तर राईच्या बाहेर करा, गाडी बाहेर थांबू द्या. तसा ग्रामसभेचा ठराव अर्जाला जोडला तर आतल्या झऱ्याची दगडी कुंडी मोकळी करणं, वेली–झाडांची नोंद, पुजारी आणि गुराख्यांच्या आठवणी लिहून घेणं, राखणदाराचं मानधन, हे सगळं आमच्याकडून होईल. ठराव मंडपाच्या आधीच्या तारखेचा हवा. झाडं तोडून झाल्यावर केलेला ठराव आम्ही घेत नाही.